बोलून कर्ज फिटते का?

परवा यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या निवृत्त गुरुजींनी मला विचारलं, "म्याडम, तुमचं काम आत्महत्या थांबवायचं म्हणे. मंग सांगा, बोलून कर्ज फिटते का?" तेवढ्यात वाढप्यानं वरणाची बादली आणली आणि उत्तर राहून गेलं. हाच प्रश्न पारावरची माणसं विचारतात, एसटीत शेजारी बसलेली बाई विचारते, माझे सासरेही विचारतात. गुरुजी, तुम्ही विचारलंत म्हणून आता सावकाश सांगते.

नाही फिटत. कापसाचा भाव माझ्या हातात नाही, बोंडअळी नाही, बँकेची नोटीसही मी परत पाठवू शकत नाही. जिल्ह्यात आत्महत्या प्रतिबंधाचा समन्वय बघते असं माझ्या कागदावर लिहिलंय. खरं म्हणजे मी याद्या जुळवते. कोणाचं नाव कुठल्या रजिस्टरातून गळलं ते शोधत बसते.

समजा एखाद्यानं औषध घेतलं. आमच्याकडे फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात, त्यामुळे "त्यानं औषध घेतलं" असं फोनवर ऐकलं की पुढचा शब्द येईपर्यंत मी आजही श्वास धरून असते. तर घरचे त्याला ऑटोत घालून ग्रामीण रुग्णालयात आणतात, तिथून १०८ त्याला मेडिकल कॉलेजला नेते. तिथले डॉक्टर रात्ररात्र झटतात आणि तो वाचतो. आठवड्याभरात सुट्टी. आता बघा, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, मेडिकल कॉलेज वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, आणि तो परत जातो त्या गावातली आशाताई नि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, हा तर तीन घरचा. त्याच्या पोटातलं विष काढलं ही नोंद एका घरी. तो ते का प्यायला, हे विचारायची जबाबदारी दुसऱ्या घरची. आणि तो आज सकाळी जेवला का, हे फक्त तिसऱ्या घराला कळू शकतं.

वर गेलं तरी तेच. शासनानं २०१५-१६ मध्ये शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प आणला तो १४ जिल्ह्यांसाठी, मराठवाड्यातले आठ आणि विदर्भातले सहा. या सहातले पाच जिल्हे आरोग्य खात्याच्या अकोला मंडळात येतात, वर्धा नागपूर मंडळात. वर्धा नदी ओलांडली की साहेब बदलतात, बैठकीची तारीख बदलते. वर्ध्याच्या दवाखान्यात भरती झालेला आमच्याकडचा माणूस अशा वेळी कोणाच्याच आढाव्यात नसतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका रुग्णालयातून (नाव राहू द्या) सुट्टी झालेल्यांची यादी माझ्याकडे आली ती १९ दिवसांनी. तिच्यात एक बत्तीस वर्षांचा माणूस होता. केसपेपरवरचा नंबर लावला. उचलला ऑटोवाल्यानं. "मी फकस्त दवाखान्यात सोडून देल्लं बाप्पा, त्याच्यापाशी फोनच नोता." गावाचं नाव लिहिलेलं होतं, पण त्या नावाची गावं दोन तालुक्यांत. पहिल्या गावच्या आशाताईनं दोन दिवस घरं पालथी घातली. दुसऱ्या गावच्या ताईला घर सापडलं तेव्हा तेरवी होऊन गेली होती. कोणी बोललं असतं तर तो वाचला असता का, हे मला सांगता यायचं नाही. त्याच्याशी कोणी बोललंच नाही, हे मात्र मी कागदावर दाखवू शकते.

तेव्हापासून आमच्या केसपेपरवर दोन नंबर असतात. एक घरातल्या बाईचा, दुसरा गावच्या आशाताईचा. सुट्टीच्या आदल्या दिवशी वॉर्डातली सिस्टर मला मेसेज टाकते. यासाठी शासन निर्णय वगैरे निघाला नाही. सिस्टरसोबत चार वेळा चहा प्यावा लागला, इतकंच.

गुरुजी, बोलण्याचा हिशेबही झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत एक अभ्यास केला, त्यात आपलं चेन्नईही होतं. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचून दवाखान्यात आलेली १८६७ माणसं घेतली. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांशी सुट्टीच्या सुमारास तासभर बोलणं, आणि मग १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट, कसं चाललंय एवढं विचारायला. २००८ मध्ये निकाल छापून आला. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत पुढे आत्महत्येनं गेलेले २.२ टक्के, फोन गेलेल्यांत ०.२ टक्के. कोणाचंही कर्ज त्यात फेडलेलं नव्हतं. माझ्या वहीत प्रत्येक नावापुढे नऊ चौकोन असतात ते यावरूनच.

पण नऊ चौकोन आखायला आधी नाव तर यायला पाहिजे. कॅज्युअल्टीत नातेवाईक सांगतात, "फवारताना चुकून गेलं तोंडात." पोलिसांची भीती. आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल शिक्षेचं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या न्याय संहितेत राहिलेलंच नाही, आणि २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तर म्हणतो की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून सरकारनं त्याची काळजी घ्यावी. पण मेव्हण्यानं फाटकाशी उभ्या हवालदाराला पाहिलं की सगळा कायदा "चुकून" या एका शब्दात बसतो. डॉक्टर तसं लिहितात आणि नाव माझ्या यादीत येत नाही.

गेलेल्या शेतकऱ्याचं तर आणखी वेगळं. पोलिसांकडे त्याचा मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल असतो. तहसीलमध्ये प्रकरण बनतं, मग सरकारी मदतीला पात्र की अपात्र ते ठरतं. पात्र म्हणजे कर्ज होतं, नापिकी होती, वसुलीचा तगादा होता. पात्र ठरलं तर घरच्यांना एक लाख, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेव म्हणून. ही रक्कम ठरली ती २००६ च्या सुमाराला, तेव्हा सोयाबीनचं बियाणं किती स्वस्त होतं ते तुम्हीच आठवा. आता त्या विधवेला मी विचारते, "दादा आधीपासून झोपत नव्हते का? दारू वाढली होती का?" ती खाली बघते. खरं सांगितलं आणि ते तहसीलपर्यंत गेलं तर? मी मानसिक आरोग्यवाली, म्हणजे तिच्या दृष्टीनं एक लाखाच्या आड येणारी बाई. मी तिला दोष देत नाही. पण या भीतीपायी त्या घरात सहा महिने काय चाललं होतं ते कुठेच लिहिलं जात नाही, आणि त्याच घरातला धाकटा भाऊ कोणाच्याच नजरेत येत नाही.

शिवाय विदर्भ म्हटलं की सगळ्यांना शेतकरीच दिसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणीच्या २०२२ च्या आकड्यांत महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या आहेत. त्यातल्या शेती क्षेत्रातल्या, शेतमजूर धरून, ४,२४८. उरलेले कोण? घरातल्या बाया, रोजंदार, दहावी-बारावीची पोरं, पोलीस भरतीत दोनदा नापास झालेला मुलगा. यांच्यासाठी पात्र-अपात्रही नाही.

तुम्ही म्हणाल, विषच कुलपात ठेवा. श्रीलंकेत गावोगाव कुलूपबंद पेट्या वाटून बघितल्या. २०१७ मध्ये निकाल आला, फरक पडला नाही. त्याच श्रीलंकेत सगळ्यांत जहाल कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली, तेव्हा १९९५ नंतरच्या वीस वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांनी उतरलं. म्हणजे माझ्या समुपदेशनापेक्षा कृषी खात्याच्या एका सहीनं जास्त माणसं वाचू शकतात. हे मी आढावा बैठकीत बोलले तर साहेब म्हणाले, "तो आपला विषय नाही." चौथं घर!

मग माझ्या हातात काय? आशाताई. तिच्याकडे आधीच गरोदर माता, लसीकरण, क्षयरोग, सिकलसेल, आयुष्मान कार्ड, आणि वर आमची प्रश्नावली. सासू दारात उभी असताना "जगावंसं वाटत नाही का" विचारलं तर कोण हो म्हणेल? आमच्या एका ताईनं स्वतःची पद्धत काढली. ती पाणी मागते, ओसरीवर बसते आणि विचारते, "भाऊ, वावरात कवा गेलते?" चार-चार दिवस वावराकडे न फिरकलेला माणूस तिला लगेच कळतो. मग सासू आत गेली की ती सरळ विचारते, "मरून जावं असं येते का मनात?" असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो ही लोकांची भीती. तसं होत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणसं रडतात.

अशाच एका भाऊंना ती माझ्याकडे घेऊन आली. ऐंशी हजारांचं पीककर्ज. शेजाऱ्यावर तीन लाख होतं आणि तो निवांत पानटपरीवर बसायचा. या भाऊंना तीन महिने झोप नव्हती. जिल्हा रुग्णालयात गोळ्या सुरू केल्या. तिसऱ्या भेटीत त्यांनी पिशवीतून बँकेचं पाकीट काढलं, न फोडलेलं. "उघडायची हिंमतच नाई झाली म्याडम." मी फोडलं. जप्तीची नोटीस नव्हतीच. कर्जाचं पुनर्गठन करायचं असल्यास अर्ज करा, असं पत्र होतं, आणि मुदतीला अकरा दिवस बाकी होते. अर्ज त्यांच्या मुलीनं भरला, मी फक्त सोबत बँकेत गेले. कर्ज आहेच, अजून आहे.

त्यांना निघताना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मुलीच्या वहीत लिहून दिला होता, रात्रीबेरात्री मी फोन उचलला नाही तर असावा म्हणून. माझे फोन वहीतल्या चौकोनांप्रमाणे चालू होते. सुरुवातीला ते नुसतं "हाव" म्हणायचे. पाचव्या वेळी पावसाबद्दल बोलले. नववा चौकोन गेल्या ऑक्टोबरात आला. सकाळी दहाला फोन लावला तर मागे इतका आवाज की काही ऐकू येईना.

"म्याडम, थ्रेशर आलं हाय दारात, माणसं खोळंबली," ते ओरडून म्हणाले. "संध्याकाळी करा." आणि फोन ठेवून दिला.

शेऱ्याच्या रकान्यात मी तेच लिहिलं: थ्रेशर आलं आहे, संध्याकाळी.