भोंग्यातली गुणगुण
गावात भजनाला बसलो की गाणाऱ्याने तोंड उघडण्यापूर्वी भोंग्यातून जी गुणगुण येते, ती कान देऊन ऐकण्याची मला खोड आहे. खोल घुमघुम असली तर ती बहुधा ५० हर्ट्‌झची, म्हणजे ग्राउंड लूपमधून (यंत्रांच्या ग्राउंड, म्हणजे सामाईक परतीच्या, तारा दोन वाटांनी जोडल्याने बनलेल्या वेटोळ्यातून) शिरलेली. किंचित वरच्या सुराची आणि करकरणारी असली तर १०० हर्ट्‌झची, म्हणजे डायोडपुढच्या, वीज साठवून सपाट करणाऱ्या मोठ्या कपॅसिटरपाशी काहीतरी बिनसलेले. इतरांना अभंग ऐकू येतो, मला वायरिंग दिसते.

ही खोड काकाजींच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागली. अ‍ॅम्प्लिफायर बांधताना पत्र्याच्या डब्यात ते १२-०-१२ चा, म्हणजे मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंना १२-१२ व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर आणि २एन३०५५ ट्रान्झिस्टरची जोडी बसवत, पण त्यांचा खरा जीव डब्याच्या बुडाशी असलेल्या एका बोल्टवर असे. तिथला रंग ते ब्लेडने पांढरे लोखंड दिसेपर्यंत खरवडत. ट्रान्सफॉर्मरची मधली तार आधी दोन्ही कपॅसिटरांच्या सांध्यावर जाई, तिथून एकच जाड तार बोल्टवर येई, आणि स्पीकरची परतीची तार व इनपुटची ग्राउंड तिथे वेगवेगळ्या वाटेने पोहोचत. कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा हिसक्याने करंट ओढतो. त्याच तारेवर माइकची ग्राउंड टाकली, तर तारेच्या नगण्य रोधावर उमटणारे मिलिव्होल्टही माइकच्या आवाजाबरोबर मोठे होऊन भोंग्यात येतात. 'ग्राउंड म्हणजे ग्राउंड, कुठेही जोडा' म्हणणाऱ्याला काकाजी दुकानात स्टूलही देत नसत.

वैशाखात आमची काळी जमीन भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातले मीठ-कोळसा कोरडे पडतात. "बाबू, पाणी ओतलं काय रे खड्ड्यात?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. त्या पाण्याने गुणगुण थांबते असे गिऱ्हाइकांना वाटे. थांबत नसे; ते पाणी जिवासाठी होते, डब्यात वीज उतरलीच तर ती जमिनीत जावी म्हणून.

आता मंडपात आवाजाचा मिक्सर एका घरातून वीज घेतो, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या घरातून, आणि भोंगा घुमू लागला की कोणीतरी प्लगची जाड, अर्थिंगची पिन काढून टाकतो. घुमघुम थांबते, हे खरे. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर लावली असती तरी ती बहुधा थांबली असती. पण पिन नसताना ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन जळाले, तर डब्यात उतरलेले २३० व्होल्ट माइकच्या वायरीभोवतीच्या तारेच्या जाळीतून माइकच्या धातूच्या दांड्यापर्यंत पोहोचू शकतात, आणि गणपतीच्या पावसाळी दिवसांत, ओल्या मातीवर अनवाणी उभ्या असलेल्या एखाद्या शाळकरी पोराच्या हातात तो माइक असतो.