नऊ वाजायला अजून चाळीस मिनिटं होती

फ्रेंडशिप पीकवरून येऊन सहा आठवडे झाले आणि "मग, समिट झालं का?" हा प्रश्न सोसायटीतल्या काकूंपासून ऑफिसखालच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. नाही झालं. असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा दवाखान्यात भेटायला आल्यासारखा होतो आणि मग लगेच "असू दे गं, पुढच्या वेळी". मला काही वाईट वाटत नाहीये (थोडं वाटतंय, खोटं कशाला बोलू), पण प्रत्येकाला जिन्यात उभं राहून सगळं सांगता येत नाही म्हणून एकदाच इथे लिहून टाकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे मनालीच्या वर सोलंग खोऱ्यातलं ५२८९ मीटरचं शिखर. सोलंग, धुंडी, बकरथाच, मग लेडी लेग नावाचा कॅम्प (हो, हेच नाव आहे) आणि तिथून रात्री निघून वर. अटल टनेलचं दक्षिणेकडचं तोंड धुंडीजवळच आहे, त्यामुळे सुरुवातीला आजूबाजूला भाड्याचे रंगीबेरंगी कोट घातलेले टुरिस्ट आणि मॅगीचा वास, आणि दोन दिवसांनी अचानक कोणीच नाही, फक्त समोर हनुमान टिब्बा. भिंत वगैरे चढायची नसते पण क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी दात), आईस अ‍ॅक्स, रोप सगळं लागतं आणि शेवटचा उतार चांगलाच उभा आहे. आम्ही चौघं पुण्याचे, मी, माझा मावसभाऊ आणि सिंहगडाच्या रविवारच्या ग्रुपातले दोघं, शिवाय एक गाईड आणि त्याचा हेल्पर. मे महिन्याचा शेवटचा आठवडा.

लेडी लेगला पोचलो आणि दोन दिवस बर्फ पडला. पत्ते खेळून कंटाळलो, रात्री दर दोन तासांनी उठून तंबूला आतून थापा मारून बर्फ खाली पाडायचा, परत झोपायचं. राखीव दिवस होता तो असाच गेला. म्हणजे वर जायला एकच रात्र उरली आणि खरी गोची इथूनच सुरू होते, कारण एकच चान्स आहे म्हटलं की माणसाचं डोकं वेगळंच चालायला लागतं.

संध्याकाळी चहा पिताना गाईडने विचारलं, "दीदी, वापस कितने बजे मुड़ना है?" मला आधी वाटायचं ही वळायची वेळ म्हणजे अंधाराच्या आत पायथ्याला यायचं, आपण सह्याद्रीत करतो तसलं गणित. पण बर्फाचं घड्याळ वेगळं असतं. रात्री आकाश मोकळं असलं की बर्फ आपली सगळी ऊब वर सोडून देतो आणि पहाटेपर्यंत असा कडक होतो की क्रॅम्पॉनचे दात कचकच वाजतात आणि माणसाचं वजन आरामात पेलतो. मग ऊन आलं की पूर्वेकडचे उतार आधी मऊ पडतात, वितळलेलं पाणी आत झिरपतं, थरांची एकमेकांवरची पकड सुटत जाते, त्यात ताजा बर्फ जुन्या गुळगुळीत थरावर येऊन बसलेला असेल तर सगळंच खाली यायला एक माणूस पुरतो. हिमस्खलनं जास्त करून तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर होतात आणि शिखराखालचे शेवटचे उतार नेमके तेवढेच असतात. बरं, उतरताना तुम्ही त्याच उतारावर, पण दमलेले आणि ऊन जास्त. म्हणून हिशोब उलटा करायचा. साडेअकराच्या आत त्या उताराच्या पार खाली असायला हवं, उतरायला दोन-अडीच तास, म्हणजे नऊ. शिखर पन्नास पावलांवर असलं तरी नऊ. मावसभावाने मोबाईलमध्ये अलार्मसुद्धा लावला. सगळ्यांनी शहाण्यासारख्या माना हलवल्या, हातात गरम चहा असताना त्या हलतातच.

रात्री दीडला निघालो. तंबूतून बाहेर आले आणि पहिलं वाक्य माझ्या तोंडून काय निघालं तर "अरे वा, आज थंडी कमी आहे!" सगळे खूश. गाईड सोडून. वर एक चांदणी दिसत नव्हती, ढगांनी सगळ्या खोऱ्यावर गोधडी टाकलेली आणि गोधडीखाली जे होतं तेच झालं, खालची ऊब खालीच राहिली, बर्फ गोठलाच नाही. ऐकू यायला हवा होता तो कचकच आवाज येत नव्हता, नुसतं भस्स भस्स, आणि बूट घोट्यापर्यंत आत. गाईडने दोनदा थांबून आईस अ‍ॅक्सचा दांडा खुपसून बघितला आणि काही न बोलता पुढे निघाला.

आता मला वाटतं की परत फिरायची खरी जागा ती होती. सव्वादोनला, कॅम्पपासून पाऊण तासावर. पण तिथून कोण परत फिरतं सांगा? सहा महिने पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरून सिंहगड चढलो, रजेसाठी साहेबांची मनधरणी केली, विमानाची तिकिटं, भाड्याचे प्लॅस्टिकचे बूट, दोन दिवसांचे ते पत्ते, ही सगळी मंडळी सॅकमध्ये बसून आपल्याबरोबर वर येत असतात आणि वळायचा विचार आला की तीच आधी बोलायला लागतात. त्यात आपली सवय सह्याद्रीची. गडावर पोचलं की टाक्याचं पाणी, देवळाची सावली, डबा उघडायचा, पोचणं म्हणजे विसावा. इथे पोचणं म्हणजे अर्धं काम, आणि अवघड अर्धं बाकी.

पाचच्या सुमारास उजाडलं, ढग फाटले, हनुमान टिब्बा गुलाबी झाला, फोटो काढले. आणि हे मुद्दाम सांगते, कोणालाही काहीही झालं नव्हतं. डोकेदुखी नाही, उलटी नाही, पाच हजार मीटरच्या आसपास हवेत ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो त्यामुळे दहा पावलं आणि थांबा असं चाललं होतं, पण ते सगळ्यांचंच होतं. परत फिरायचं म्हणजे कोणीतरी आजारी पडायला हवं, वादळ यायला हवं अशी माझी समजूत होती. इथे तर झकास ऊन पडलं होतं. आणि तेच तर वाईट होतं.

आठ वीसला शेवटच्या उताराखाली गाईड थांबला. तोपर्यंत आम्ही गुडघ्यापर्यंत रुतत होतो, क्रॅम्पॉनखाली ओल्या बर्फाचे गोळे चिकटत होते, दर चार पावलांनी अ‍ॅक्सने ठोकून ते पाडायचे, नाहीतर खाली दात आहेत हे विसरा, बॉलबेअरिंगवर चालल्यासारखं. त्याने अ‍ॅक्सचा दांडा एका हाताने दाबला तर तो मुठीपर्यंत आत गेला. मग हाताने एक छोटा चौकोन कापला आणि वरचा थर अलगद घसरून त्याच्या बुटावर आला. "बस दीदी, यहाँ से नीचे."

मावसभावाने घड्याळ बघितलं. "ताई, नऊ वाजायला अजून चाळीस मिनिटं आहेत."

घड्याळाप्रमाणे त्याचं बरोबर होतं. शिखर समोर दिसत होतं, दीडशे-दोनशे मीटर चढ असेल, आणि आमच्या तेव्हाच्या वेगाने चाळीस मिनिटांत ते होणार नव्हतंच पण हा हिशोब तो करत नव्हता. तो म्हणत होता ठरलं होतं ना, मग नऊपर्यंत तरी चालू. मला तिथे उभ्या उभ्या (श्वास लागलेला, नाक गळतंय) एवढंच सुचलं की अरे, दूध नासलंय हे दिसत असताना पिशवीवर उद्याची तारीख आहे म्हणून कोणी चहात घालतं का. नऊ ही शेवटची हद्द होती. नऊपर्यंत चालायचा परवाना आम्हाला कोणी दिला नव्हता. तो चिडला. एकाच रोपवर होतो त्यामुळे वळलो तर सगळे वळणार, हेही त्याला माहीत होतं. मी काही फार धीराने निर्णय घेतला असं नाही हां, गाईड बोलला म्हणून मला बोलता आलं. तो गप्प राहिला असता तर मी पण चालतच राहिले असते बहुतेक.

उतरणं भयानक होतं. एक पाय मांडीपर्यंत आत, तो उपसून काढायचा तर दुसरा आत, उभा टप्पा आला की एकेकाने ओलांडायचा आणि बाकीच्यांनी बाजूला थांबून बघत राहायचं, कोणी बोलत नव्हतं. कॅम्पवर पोचायला बारा वाजले. म्हणजे आठ वीसला वळूनसुद्धा आमचा तो शहाणपणाचा उलटा हिशोब चुकलाच होता, साडेअकराला आम्ही अजून उतारावरच होतो.

आणि आता गंमत ऐका. त्या उतारावर त्या दिवशी काहीही झालं नाही. शेजारच्या कॅम्पातले पाच जण आमच्यामागून निघाले होते, आमच्याच पावलांच्या खड्ड्यांतून आले, आम्ही वळलो तेव्हा ते आम्हाला ओलांडून वर गेले, पावणेअकराला समिट केलं आणि चार वाजता भिजून चिंब पण एकदम ठणठणीत परत आले. समिटसाठी आणलेली काजूकतली त्यांनी आम्हाला खिलवली. मावसभावाने ती घेतली नाही.

हेच डोक्यातून जात नाही. वळलेल्या माणसाला पुरावा कधीच मिळत नाही. आणि न वळता सुखरूप आलेल्याला वाटतं आपलं बरोबर होतं, आणि पुढच्या वेळी तो आणखी थोडा पुढे जातो. १९९६ च्या एव्हरेस्टवरच्या दुर्घटनेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, पण त्यातल्या एका गोष्टीने माझ्या अंगावर काटा येतो. १० मेला रॉब हॉल या गाईडच्या टीमची वळायची वेळ दुपारी एक-दोनची होती. त्यांच्यातले तिघं साडेअकराच्या सुमारास खालूनच फिरले, वाचले. पण त्याच टीममधल्या डग हॅन्सनला हॉलने १९९५ मध्ये शिखराच्या अगदी जवळून परत फिरवलं होतं, आणि या वेळी तो चारनंतर शिखरावर पोचला आणि हॉल त्याच्यासाठी वर थांबून राहिला. दोघंही गेले. त्याच दिवशी तिबेटच्या बाजूने आपल्या आयटीबीपीच्या (भारत-तिबेट सीमा पोलीस) टीममधले सहाजण निघाले होते, तिघं परत फिरले, जे तिघं पुढे गेले ते परत आले नाहीत. आणि त्याच मोसमात, त्याच्या आठवडाभर आधी, स्वीडनहून सायकलवर आलेला गिर्यारोहक गोरान क्रोप शंभरेक मीटर खालून उशीर झाला म्हणून वळला होता. तो २३ मेला पुन्हा जाऊन पोचला. पण हॅन्सनही आदल्या वर्षी वळलेलाच माणूस होता ना. एकदा वळलं की शहाणपण आलं असं काही नसतं, उलट मनात उधारी राहते. मला मावसभावाची काळजी वाटते ती यासाठी. माझी पण वाटते.

मनालीहून दिल्लीच्या व्होल्व्होत तो माझ्याशी जेमतेम बोलला. घरी आल्यावर मावशीने फोन करून विचारलं, काय गं, भांडलात का. मी म्हटलं नाही गं, दमलाय.

परवा रात्री अकराला त्याचा व्हॉट्सअ‍ॅप आला. त्या काजूकतलीवाल्यांनी समिटचे फोटो टाकलेत, त्यातला एक, खाली फक्त "ताई हे बघ". पाच जण, तिरंगा, मागे निळंशार आकाश. मी झूम केला. चेहरे नाही बघितले, पाय बघितले. एकजण कडेला उभा होता त्याचा पाय मांडीपर्यंत आत होता.

बराच वेळ काही लिहिलं नाही. त्याने ब्लू टिक बघितली असणार. मग त्याचाच मेसेज आला, "पुढच्या मेमध्ये दोन राखीव दिवस धरू, रजेचं आत्ताच बघ."