सैल झालेली रील सीट : पाच आठवडे दुकानात, तीन दिवस घरच्या टेबलावर

एप्रिलमध्ये रेवदंड्याला साळावच्या पुलाजवळ जिताड्यासाठी गरवत होतो. उधाणाची भरती चढत होती. मासा लागला, त्याने दोन जोरदार ओढी घेतल्या आणि रीळ माझ्या मुठीत हळूच डावीकडे कलंडलं. रीळ धरून ठेवणारा नट आवळला, तरी पुन्हा तेच. तेवढ्यात मासा सुटला. खडकावर बसून नीट पाहिलं तेव्हा कळलं की रीळ सीटमध्ये (रीळ अडकवायच्या नळीत) पक्कं आहे, पण सीटच ब्लँकवर, म्हणजे रॉडच्या मूळ दांड्यावर, फिरतेय.

हा फरक आधी ओळखा. रीळ काढून ठेवा, एका हाताने मागची मूठ धरा आणि दुसऱ्याने नुसती सीट पिळा. ‘कट्’ असा आवाज आला किंवा सीट केसभर जरी हलली, तरी आतला गोंद सुटलाय असं समजा. मग नट कितीही आवळा, उपयोग नाही.

हा रॉड माझ्या जिवाचा आहे. साडेआठ फुटी, दोन तुकड्यांचा. २०१९ मध्ये ओळखीच्या एका दादाने माझ्या हाताचं माप घेऊन बांधून दिला होता. दादा आता मस्कतला असतो, म्हणून मी रॉड मुंबईतल्या एका दुकानात दुरुस्तीला दिला. इथेच सगळं अडलं.

‘आठवड्यात देतो’ म्हणाले. आठवड्याने गेलो तर कारागीर गावाला गेलेला. पुढच्या खेपेला ‘गोंद मागवलाय’. त्याच्या पुढच्या खेपेला ‘साहेब, उद्या नक्की’. डोंबिवलीहून दर वेळी अर्धा दिवस मोडायचा. फोन केला तर उचलत नसत. मे महिन्यातली उधाणं डोळ्यांदेखत निघून गेली. पाचव्या आठवड्यात रॉड हातात आला. सीट दगडासारखी घट्ट लागत होती, पैसे देऊन आनंदाने घरी आलो. पुढच्या रविवारी किनाऱ्यावर दहा-बारा वेळा ल्युअर (नकली आमिष) फेकला असेल, तेवढ्यात ‘कट्’. पुन्हा सैल!

त्यांनी काय केलं होतं ते घरी भिंगाखाली दिसलं. सीटच्या दोन्ही कडांना पातळ सुपरग्लू सोडला होता. बस, एवढंच. सुपरग्लू केसाएवढ्या फटीसाठी असतो. माझ्या ब्लँकची जाडी त्या जागी १४ मिलिमीटर आणि सीटचं भोक १८ चं, म्हणजे चहूबाजूंनी दोन-दोन मिलिमीटरची पोकळी. ती सुपरग्लूने भरत नाही. शिवाय तो वाळला की काचेसारखा ठिसूळ होतो आणि रॉड तर प्रत्येक फेकीला वाकतो. कडेचा तो पापुद्रा तडकणारच. पाच आठवडे रॉड ठेवून घेतला आणि काम पाच मिनिटांचं केलं, याचा राग अजून जात नाही. तुम्ही कुठे रॉड दिलात तर काउंटरवरच तीन गोष्टी विचारा: सीट आणि ब्लँकच्या मधल्या जागेत काय भरणार, इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) कोणता वापरणार आणि तो किती तास सुकू देणार. नीट उत्तर मिळालं नाही तर रॉड परत घेऊन या.

दादाला फोन लावला. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, “तेव्हा मी आत मास्किंग टेपच्या रिंगा दिल्या होत्या. कडा इपॉक्सीने बंद करायला हव्या होत्या, त्या राहिल्या. खारं पाणी आत गेलं असणार. नुसती सैल असती तर रिळाच्या पायाखाली झाकलं जाईल असं दोन मिलिमीटरचं भोक पाडून सिरिंजने इपॉक्सी भरता आला असता. आता आत सुपरग्लू गेलाय, त्यावर काही धरणार नाही. कापून काढ.”

ज्यांच्या सीटला अजून कोणी हात लावला नसेल, त्यांनी आधी हा सिरिंजचा मार्ग करून पाहावा.

माझा तर नटसुद्धा आट्यांवर चिकटून बसला होता आणि पुढची मूठ सीटला. हॅकसॉच्या पात्याला एका बाजूने फडकं गुंडाळलं आणि सीटवर समोरासमोर दोन लांब चिरा पाडत गेलो. चार घासण्या, मग थांबून बघायचं. काळा भुसा पडत होता. भुशात पिवळट कण दिसले, म्हणजे टेप आली, तिथेच थांबायचं. ब्लँकला एक ओरखडा जरी गेला तरी पुढे मोठ्या माशाला तो तिथेच मोडतो. मग गरम पाण्यात भिजवलेलं फडकं सीटभोवती गुंडाळलं आणि चिरेत पेचकस घालून पिळला. हीट गन वापरू नका, कार्बन ब्लँकचं रेझिन बिघडतं.

सीटची दोन शकलं झाली आणि आतलं दिसलं. टेपच्या रिंगा तपकिरी पडून ओल्या पुठ्ठ्यासारख्या झाल्या होत्या, नखाने निघत होत्या. दोन रिंगांच्या मध्ये पोकळीच होती आणि तिथे मिठाचा पांढरा थर. दुकानातल्या सुपरग्लूचा एक थेंबही तिथवर पोचला नव्हता.

पुढचं सगळं सरळ झालं. पुढची मूठ कापावीच लागली, नवी घेतली. खालच्या तुकड्यावरचा एकुलता गाइड (दोरी ज्यातून जाते ती कडी) सोडवला, कारण नवी सीट वरूनच सरकवावी लागते. ब्लँकला हलका पॉलिश पेपर मारला, स्पिरिटने पुसला. टेपऐवजी जिप्सम बोर्डच्या सांध्यांना लावतात ती फायबरची जाळीदार पट्टी गुंडाळली. इपॉक्सी तिच्यातून आरपार जातो, म्हणून पोकळी राहत नाही. अ‍ॅराल्डाइट स्टँडर्ड घेतलं, रेझिन आणि हार्डनर समसमान. पाच मिनिटांत सुकणारं घेऊ नका. सीट फिरवत फिरवत खाली सरकवली, मागोमाग मूठ. बाहेर आलेला इपॉक्सी स्पिरिटच्या फडक्याने पुसला आणि दोन्ही कडा नीट बुजवल्या. जून लागला होता, हवा दमट, म्हणून २४ ऐवजी ४८ तास हात लावला नाही. मग गाइड सीटच्या रेषेत परत बांधला.

हो, सीट सरकवण्याआधी आट्यांवर टेप गुंडाळायला विसरू नका. तिथे इपॉक्सी लागला तर नट कायमचा अडकतो.

सीट आणि मागच्या मुठीवरून मी पांढऱ्या पेनाने एक सलग रेघ मारून ठेवली होती. नारळी पौर्णिमेनंतर रेवदंड्याला सकाळभर पॉपर (पाण्यावर चालणारे ल्युअर) फेकले, एक मध्यम जिताडाही आला. घरी येऊन रॉड गोड्या पाण्याने धुतला आणि आधी ती रेघ पाहिली. सलगच होती.