आप्पांचे डोळे आणि माझ्या डोक्यावरची कॉइल

आप्पा जेवायला बसले की ताटातलं भरीत त्यांना सापडायचं नाही. हातात कळण्याची भाकरी, हात ताटावर फिरतोय आणि नजर समोरच्या भिंतीवर. "खाले दिखत नही रे माले," एवढंच म्हणायचे. आम्ही ताट पाटावर ठेवून पाहिलं, मग स्टुलावर, मग टेबलावर. ओट्याच्या पायरीवरून ते तीनदा पडले, तिन्ही वेळा मागच्या मागे. दोन वर्षं आम्ही चष्म्याचे नंबर बदलत राहिलो. एका डॉक्टरांनी मोतीबिंदू काढला, दुसऱ्यांनी वयावर ढकललं. मान न हलवता खाली बघा, असं त्यांना कुणी सांगूनच पाहिलं नाही. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

शेवटी एका मेंदूविकारतज्ज्ञांनी दोन मिनिटांत सोक्षमोक्ष लावला. "बाबा, माझ्या नाकाकडे बघत राहा," म्हणाले आणि आप्पांचं डोकं दोन्ही हातांत धरून हळूच मागे झुकवलं. आप्पांचे डोळे आपोआप खाली सरकले! सांगून जे होत नव्हतं, ते डोकं हलवल्यावर झालं. "स्नायू शाबूत आहेत," डॉक्टर म्हणाले, "वरून हुकूम येत नाही." आजाराचं नाव प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी. स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की या तिघांनी १९६४ साली तो वेगळा आजार म्हणून मांडला. त्याला थांबवणारं औषध नाही. आप्पा गेले त्याला आता तीन वर्षं झाली.

"वरून हुकूम" हे दोन शब्द मात्र डोक्यात रुतून बसले. म्हणून जळगावला डोळ्यांच्या हालचालींवर अभ्यास चालू आहे आणि त्यांना निरोगी माणसं हवी आहेत, असं कळलं तेव्हा मी लगेच नाव दिलं. मी अमळनेरला हायस्कूलवर विज्ञान शिकवतो. नैराश्याच्या उपचारासाठी एका दवाखान्यात चुंबकीय उत्तेजनाचं यंत्र आहे, तेच दुपारी रिकाम्या वेळात या अभ्यासाला मिळतं. संशोधन करणारी मुलगी धरणगावकडची. मी तिला ताई म्हणायचो, ती मला सर.

आप्पांचं सगळं मी तिला पहिल्याच भेटीत सांगितलं. तिने खोटी आशा दाखवली नाही. "सर, तो आजार डोळ्यांच्या बाबतीत मुख्यतः मध्यमेंदूत घाव घालतो. आम्ही त्याच्या वरची पायरी बघतोय, कपाळामागच्या भागातला हुकूम. याने लगेच कुणाचा उपचार होणार नाही." तिच्या या सरळपणामुळेच मी सही केली. संमतीपत्र मराठीत होतं आणि कधीही उठून जायची मुभा होती. मग प्रश्नांची यादी: कधी फिट आली होती का, डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात इम्प्लांट आहे का, पेसमेकर, चालू गोळ्या, काल रात्री किती तास झोप झाली.

झोपेच्या प्रश्नावर मी अडकलो. आदल्या रात्री घरी कानबाई, आमची खान्देशातली देवी, बसली होती. रात्रभर जागरण, सकाळी विसर्जन, आणि तिथून मी थेट गाडीत बसलेलो. ताईने फाइल मिटली. "आज नाही करायचं. जागरणाने फिट येण्याचा धोका वाढतो." दीड तासाच्या प्रवासाचं मला वाईट वाटलं, पण माणसाच्या डोक्याला हात लावायचा तर इतकी काळजी हवीच. पुढच्या आठवड्यात पोटभर झोपून गेलो.

डोक्याला पोहण्याची घट्ट टोपी घातली, तिच्यावर पेनाने खुणा केल्या. कानात बोळे. मग तिने कॉइल हातात घेतली. प्लास्टिकच्या दोन कड्या शेजारी शेजारी जोडलेल्या, इंग्रजी आठसारख्या. दहावीच्या वर्गात मी दरवर्षी फॅरेडेचा प्रयोग शिकवतो: बदलतं चुंबकीय क्षेत्र शेजारच्या वाहकात विद्युतधारा निर्माण करतं. फॅरेडेने हे १८३१ साली दाखवलं. इथे वाहक म्हणजे माझा मेंदू. शेफिल्डच्या अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली हेच तत्त्व वापरून कवटीला धक्का न लावता माणसाचा मेंदू उत्तेजित केला. ठोका एक मिलिसेकंदाच्या आतबाहेरचा, पण तेवढ्यात क्षेत्राची ताकद एक-दोन टेस्लापर्यंत जाते.

टक! आवाज खटका दाबल्यासारखा, आणि टाळूवर कुणी बोटाने टिचकी मारावी तसं वाटलं. तीन-चार ठोक्यांनंतर मांडीवर निवांत पडलेल्या माझ्या डाव्या हाताचा अंगठा उडाला. मी उडवला नव्हता. पुन्हा टक, पुन्हा अंगठा. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. हुकूम माझा नव्हता आणि अंगठा माझा होता. दहापैकी पाच वेळा हालचाल होईल इतपत ताकद कमी-जास्त करून तिने माझा उंबरठा ठरवला. मग डोक्याच्या उजव्या बाजूला जिथे ठोका दिल्यावर अंगठा उडत होता, त्या जागेपासून सुमारे दोन सेंटीमीटर पुढे तिने खूण केली. फ्रंटल आय फील्ड ही नजर हलवणारी जागा साधारण तिथे असते.

१८७० च्या दशकात डेव्हिड फेरिअर यांनी माकडांच्या मेंदूच्या पुढच्या भागाला विजेचा स्पर्श केला, तेव्हा माकडांचे डोळे आणि डोकं विरुद्ध बाजूला वळलं. मला वाटलं, आता माझेही डोळे तसेच फिरतील. ताई म्हणाली, "नाही सर. बाहेरून दिलेल्या एका ठोक्याने सहसा डोळा हलत नाही. पण निघालेला हुकूम अडखळतो."

हनुवटी टेकणीवर, कपाळ पट्टीला. समोर पडदा, खाली अवरक्त प्रकाशाचा कॅमेरा. आधी नऊ ठिपक्यांकडे बघून कॅमेऱ्याला माझे डोळे ओळखायला शिकवलं. मग काम सोपं: मधल्या खुणेवर नजर, बाजूला ठिपका आला की तिकडे बघायचं. ठिपका दिसल्यापासून डोळा निघेपर्यंत साधारण २०० मिलिसेकंद लागतात. जागेपणी आपण सेकंदाला अशा तीनेक झेपा घेतो, त्यांना सॅकेड म्हणतात. काही वेळा ठिपक्यानंतर लगेच टक व्हायचं. काही वेळा कॉइल डोक्याच्या मधोमध धरायची, म्हणजे आवाजाचा परिणाम वेगळा काढता येतो.

नंतर अवघड भाग. ठिपका डावीकडे आला तर उजवीकडे बघायचं. पीटर हॅलेट यांनी १९७८ साली मांडलेली ही चाचणी. माझे डोळे मला न विचारता ठिपक्याकडे पळायचे, मग मी त्यांना परत आणायचो. न बघण्यासाठी इतकी ताकद लागते, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. आप्पांच्या आजारात या चाचणीतही खूप चुका होतात, असं ताई म्हणाली. मी पाणी मागितलं आणि दोन मिनिटं थांबलो.

दोन तासांनी टोपी निघाली. डोकं थोडं जड, मानेला रग, बाकी काही नाही. ताईने पडद्यावर माझ्या डोळ्यांच्या रेघा दाखवल्या. सपाट चालत येऊन एकदम उभी चढणारी रेघ म्हणजे एक झेप. साध्या वेळच्या रेघांवर तिने ठोक्याच्या रेघा ठेवल्या. डावीकडच्या झेपा उशिरा चढत होत्या, वीस-तीस मिलिसेकंदांनी. "एका माणसावरून काही ठरवायचं नाही, सर," ती बजावत होती. मला ते समजत होतं. पण मला बसल्या जागी कसलाही उशीर जाणवला नव्हता. मी तर ठिपका दिसताच बघत होतो, माझी खात्री होती. आप्पांनाही खाली बघतोय असंच वाटत असेल का? आम्ही तेव्हा "जरा खाली बघून चाला ना" म्हणून त्यांच्यावर ओरडायचो.

संध्याकाळच्या गाडीला गर्दी होती. पाळधी गेल्यावर समोर खिडकीशी बसलेल्या मुलाचे डोळे मी बघत होतो. विजेच्या खांबाबरोबर मागे सरकायचे, झटक्यात पुढे यायचे, पुन्हा मागे. त्याच्या आईने मांडीवर डबा उघडला. त्याची मान हलली नाही, फक्त डोळे खाली गेले.