तुम्ही विचारलंत म्हणून: हरणाऱ्या बेसबॉल संघानं पोरं जपावीत की तारे आणावेत?

शिकागो, न्यू जर्सी, बे एरिया इथल्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न हटकून जुलैत येतो. मुलं लिटल लीग खेळायला लागतात, त्यांच्या मागोमाग बेसबॉल घरात शिरतो, आणि वर्ष-दोन वर्षांत लक्षात येतं की आपल्या गावचा संघ हरतोच आहे. मग विचारणा होते: यांनी सगळं मोडून नव्या पोरांना खेळवावं, की दोन-चार मोठी नावं आणून एकदाचं जिंकून दाखवावं?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. हरणाऱ्या संघानं तारे खुशाल आणावेत, पण पैसे मोजून. पोरं देऊन आणू नयेत.

मोठा खेळाडू संघात येतो तो मुख्यतः दोन वाटांनी. एक म्हणजे ट्रेड: त्याच्या संघाला आपले खेळाडू द्यायचे आणि त्याला घ्यायचं. दुसरी फ्री एजंटची: त्याचा करार संपलेला असतो, जो जास्त पैसे देईल त्याच्याकडे तो जातो. बातमीत दोन्ही सारखेच दिसतात, नव्या जर्सीतला हसरा फोटो. पण पहिल्यात तुम्ही पुढची सहा वर्षं देऊन बसता, दुसऱ्यात मुख्यतः मालकाचा खिसा हलका होतो. आयपीएल बघून तयार झालेली आपली नजर इथे फसते. तिथे दर तीन वर्षांनी बहुतेक सगळे परत लिलावात येतात, त्यामुळे आजची चूक फार काळ पुरत नाही. बेसबॉलमध्ये असा मोठा लिलावच नाही. बास्केटबॉलसारखा ड्राफ्टमधला (नव्या पोरांच्या वार्षिक निवडीतला) आपला क्रमांकही सहसा देता येत नाही. लहान शहरांच्या संघांना मिळणाऱ्या थोड्या जादा निवडी तेवढ्या देता येतात. म्हणजे ट्रेडमध्ये चालणारं खरं नाणं एकच, मायनर लीगमध्ये (मुख्य स्पर्धेच्या, म्हणजे मेजर लीगच्या, खालच्या संघांत) घडत असलेली सतरा ते बावीस वर्षांची पोरं.

ती इतकी मोलाची का, याचं उत्तर १७२ या आकड्यात आहे. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की खेळाडूचं सेवेचं एक वर्ष धरतात. अशी सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत तो संघ सोडून जाऊ शकत नाही. साधारण पहिली तीन वर्षं तो किमान पगाराच्या आसपास खेळतो (२०२५ मध्ये हा किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता), पुढची तीन वर्षं लवादातून पगार चढत जातो आणि मग तो मोकळा. त्यामुळे पहिल्या सहा वर्षांतला चांगला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) म्हणजे भर शहरातली पागडीची खोली, बाजारभाव काहीही असो, भाडं जुनंच. २०१५ मध्ये शिकागो कब्जनं क्रिस ब्रायंटला हंगाम सुरू झाल्यावर काही दिवस मुद्दाम मायनर लीगमध्ये ठेवलं. हंगामाअखेर त्याचे दिवस भरले १७१. एका दिवसानं वर्ष बुडालं आणि कब्जला तो आणखी एक वर्ष मिळाला. ब्रायंटनं तक्रार केली, ती २०२० मध्ये फेटाळली गेली. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्या २०२२ च्या करारात यावर थोडा लगाम आला. सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला आता पूर्ण वर्ष मिळतं. पिट्सबर्गनं पॉल स्कीन्सला २०२४ मध्ये थेट ११ मे रोजी उतरवलं, तरी बक्षीस जिंकून त्यानं ते वर्ष पदरात पाडून घेतलंच.

आता तारा किती सामने जिंकून देतो ते बघा. कुठूनही उचलून आणलेल्या कामचलाऊ खेळाडूंचा संघ हंगामातल्या १६२ पैकी ४७-४८ सामने जिंकेल, असा अभ्यासकांचा ढोबळ हिशेब आहे. त्यावर एखादा अव्वल खेळाडू अख्ख्या हंगामात पाच-सहा विजयांची भर घालतो. जुलैअखेर, ट्रेडची मुदत संपताना तो आणलात, तर हंगामाचा जेमतेम तिसरा हिस्सा उरलेला असतो. म्हणजे दोन विजय. सत्तर सामने जिंकणारा संघ बहात्तर जिंकेल. ह्यूस्टननं जस्टिन व्हर्लँडरला ३१ ऑगस्ट २०१७ च्या मध्यरात्री मुदत संपता संपता घेतलं, त्यानं सप्टेंबरचे पाचही सामने जिंकले आणि संघ विजेता ठरला. (जुलैनंतरही ट्रेड करू देणारी ऑगस्टमधली ती पळवाट २०१९ पासून बंद आहे.) पण ह्यूस्टन तेव्हा आपल्या गटात कधीच पुढे निघून गेलेलं होतं. ती शेवटची वीट होती, पाया नव्हता.

पायाच नसताना वीट चढवली की काय होतं, ते लॉस एंजेलिस एंजल्सनी २०२३ मध्ये दाखवून दिलं. शोहेई ओहतानी या त्यांच्या सर्वांत मोठ्या ताऱ्याच्या कराराचे शेवटचे काही महिने उरले होते. त्याला विकलं असतं तर चांगली पोरं मिळाली असती. त्याऐवजी २६ जुलैला त्यांनी शिकागोच्या व्हाइट सॉक्सकडून लुकास जिओलितो आणि रेनाल्डो लोपेझ हे दोन पिचर (चेंडू टाकणारे) घेतले आणि बदल्यात एडगर केरो हा होतकरू कॅचर आणि आणखी एक पिचर दिला. ऑगस्टमध्ये संघ कोसळला. २३ तारखेला ओहतानीच्या कोपराचा लिगामेंट फाटला. महिनाअखेरीस एंजल्सनी जिओलितो आणि लोपेझ दोघांनाही, कोणीही फुकट उचलून न्या म्हणून, वेव्हर्सवर टाकलं. हंगाम ७३ विजय आणि ८९ पराभवांवर संपला, ओहतानी डॉजर्सकडे ७० कोटी डॉलरच्या करारावर गेला, आणि एंजल्सच्या हाती उरली ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीनंतरची एक निवड. केरो २०२५ मध्ये व्हाइट सॉक्सकडून मेजर लीगमध्ये उतरला.

याच व्हाइट सॉक्सनी सात वर्षं आधी याहून मोठा घास गमावला होता. जून २०१६ मध्ये जेम्स शील्ड्स या ३४ वर्षांच्या पिचरसाठी त्यांनी सॅन डिएगोला एक सतरा वर्षांचा पोरगा दिला. त्याचं नाव फर्नांडो तातिस ज्युनियर, सॅन डिएगोचा पुढचा तारा. तो हंगाम त्यांनी ७८ विजयांवर संपवला, म्हणजे शील्ड्सला आणण्याचं कारणही उरलं नाही. सॅन डिएगोनंही २०१४ च्या डिसेंबरात हेच केलं होतं. मॅट केम्प, जस्टिन अप्टन, विल मायर्स असा नावांचा ढीग आणला, देताना ट्रे टर्नर आणि मॅक्स फ्रीड हातचे घालवले, आणि २०१५ मध्ये जिंकले ७४ सामने.

मग सगळं पाडून नव्यानं बांधावं? इथे लोक ह्यूस्टन आणि कब्जचं नाव घेतात, बिल्डरनं दोन देखणे सॅम्पल फ्लॅट दाखवावेत तसं. ह्यूस्टननं २०११ ते २०१३ मध्ये अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने हरून ड्राफ्टमध्ये वरचे क्रमांक मिळवले. सप्टेंबर २०१३ मधल्या त्यांच्या एका सामन्याचं स्थानिक टीव्ही रेटिंग ०.० भरलं होतं. २०१७ मध्ये ते जिंकले (त्या वर्षीची प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरण्याची भानगड वेगळी). पण होजे अल्तुवे, डॅलस कायकल आणि जॉर्ज स्प्रिंगर हे तिघे ही पाडापाडी करणारे लोक येण्याआधीच संघाच्या पदरी होते, हे कोणी सांगत नाही. आणि २०१३ च्या पहिल्या क्रमांकावर निवडलेला पिचर मार्क अपेल ह्यूस्टनसाठी मेजर लीगचा एक चेंडूही टाकू शकला नाही. दुसऱ्या क्रमांकावर कब्जना मिळाला ब्रायंट. कब्जनी तेव्हा पहिल्या फेरीत सलग बॅटर घेतले. पिचरचं कोपर कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून पिचर त्यांनी नंतर आणले. जॉन लेस्टर साडेपंधरा कोटी डॉलर मोजून आला, जेक अरिएटा बाल्टिमोरकडून एका भाडोत्री पिचरच्या बदल्यात. २०१६ मध्ये १०८ वर्षांनी विजेतेपद आलं.

न उभी राहिलेली इमारत बघायची तर पुन्हा व्हाइट सॉक्सकडेच यावं लागतं. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांनी क्रिस सेलला बोस्टनला विकलं. त्याची तीन स्वस्त वर्षं शिल्लक होती म्हणून भाव उत्तम आला: योआन मोंकादा, मायकेल कोपेक आणि आणखी दोघे. अ‍ॅडम ईटनच्या बदल्यात जिओलितो, लोपेझ आणि डेन डनिंग. २०१७ च्या जुलैत होसे किंतानाच्या बदल्यात कब्जकडून एलोय हिमेनेझ आणि डिलन सीझ. कागदावर याहून चांगली विक्री क्वचितच झाली असेल. हिमेनेझ आणि लुईस रॉबर्टला तर मेजर लीगमध्ये उतरण्याआधीच सहा-सहा वर्षांचे करार दिले. २०२० आणि २०२१ मध्ये संघ प्लेऑफमध्ये गेला, दोन्ही वेळा पहिल्याच मालिकेत बाहेर. २०२२ मध्ये ८१ विजय, २०२३ मध्ये १०१ पराभव, आणि २०२४ मध्ये १२१ पराभव, आधुनिक बेसबॉलमधला विक्रम.

नडलं काय? सहा-सात हिरे होते, त्यांच्या मागे कोणी नव्हतं. हिमेनेझ, रॉबर्ट, मोंकादा आळीपाळीनं जायबंदी होत आणि जागेवर येणारा कामचलाऊ गडी असे. उजव्या मैदानासाठी धड खेळाडू कधी आणलाच नाही. पहिल्या बेसच्या मुलांना तिकडे उभं केलं. आणि खर्च करायची वेळ आली तेव्हा २०२१ च्या जुलैत सेकंड बेसचा निक मॅड्रिगल देऊन क्रेग किंब्रल हा क्लोजर (शेवटचा डाव टाकणारा पिचर) आणला, मुळात क्लोजर असताना. किंब्रल तिथे सपशेल पडला आणि सेकंड बेस रिकामा झाला. हे पुनर्बांधणीचं अपयश म्हणण्यापेक्षा प्रशिक्षणाचं आणि खालच्या फळीचं अपयश आहे. आलेला पोरगा सुधारणार कसा, याचं उत्तर नसेल तर चांगली खरेदीही वाया जाते.

वॉशिंग्टनचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी हुआन सोटो सॅन डिएगोला दिला आणि मॅकेन्झी गोर, सी. जे. एब्रम्स, जेम्स वुड हे तिघे मिळवले. तिघेही पुढे ऑलस्टार झाले. असा सौदा पिढीतून एकदा होतो. तरी २०२५ मध्ये वॉशिंग्टननं ९६ सामने गमावले, कारण सव्वीस जणांच्या संघातल्या बाकीच्या तेवीस जागा तशाच राहिल्या.

हरून क्रमांक मिळवायची युक्तीही आता बोथट झाली आहे. २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा क्रमांकांसाठी सोडत निघते. तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची शक्यता सारखीच, साडेसोळा टक्के. शिवाय मोठ्या शहराच्या संघाला लागोपाठ दोन वर्षं सोडतीत जागा नाही. म्हणून १२१ सामने हरूनही व्हाइट सॉक्सना २०२५ मध्ये दहावा क्रमांक मिळाला.

तुम्हाला तुमच्या संघाची पारख करायची असेल तर एक तक्ता मांडा. मेजर लीगचे सव्वीस जण आणि मायनरमधले वरचे पंधरा. प्रत्येकापुढे दोनच रकाने: संघाकडे किती वर्षं उरली आणि तो किती विजयांचा. बरे खेळाडू एकाच वेळी दोन-तीन वर्षं एकत्र दिसत असतील आणि बेरीज (कामचलाऊ संघाचे ते ४७-४८ विजय धरून) ८३-८५ च्या पुढे जात असेल, तरच एखादा पोरगा देऊन तारा घ्यायला हरकत नाही. बेरीज सत्तरीच्या आत असेल तर ज्यांची दोन ते तीन वर्षं उरलीत त्यांना विका. शेवटच्या दोन महिन्यांवर आणून ठेवू नका. कोलोरॅडोनं २०२१ च्या जुलैत ट्रेव्हर स्टोरीला विकलं नाही, हिवाळ्यात तो गेला आणि बदल्यात ड्राफ्टची एक निवड आली. सगळ्यात आधी विकायचा तो रिलीफ पिचर, म्हणजे सामन्यात मागाहून बदली येणारा. हरणाऱ्या संघाला नवव्या डावाचा पहारेकरी हवाच कशाला? यांकीजनी २०१६ मध्ये अरोल्डिस चॅपमन कब्जना देऊन ग्लेबर टोरेस घेतला आणि त्याच डिसेंबरात चॅपमनला पैसे देऊन परत आणलं.

विकतानाही सांभाळायचं एक आहे. एका खेळाडूच्या बदल्यात पाच-पाच पोरं घेऊ नका. अठरा-एकोणिसाव्या वर्षापासून करारावर असलेल्या पोरांना चार-पाच वर्षांनी संघाच्या चाळीस खेळाडूंच्या राखीव यादीत जागा द्यावी लागते, नाहीतर डिसेंबरच्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये दुसरा संघ एक लाख डॉलर टाकून उचलतो. अशी गर्दी झालेल्या संघांना नोव्हेंबरात चांगली मुलं मातीमोल भावानं द्यावी लागतात.

राहिला पैशाचा मार्ग. टेक्सासनं २०२१ मध्ये १०२ सामने गमावले आणि त्याच हिवाळ्यात कोरी सीगर आणि मार्कस सेमिएन या दोघांवर मिळून ५० कोटी डॉलर लावले. जॉश यंग आणि इव्हान कार्टर ही पोरं घरातच राहिली. २०२२ मध्ये ९४ पराभव, लोक हसले. २०२३ मध्ये विजेतेपद. तुमच्या मालकाकडे एवढे पैसे नसतील तर कॅन्सस सिटीकडे बघा. २०२३ मध्ये १०६ पराभव. त्या हिवाळ्यात सेथ लुगो साडेचार कोटींना तीन वर्षांसाठी, मायकेल वाका तीन कोटी वीस लाखांना दोन वर्षांसाठी, आणि आपलाच बॉबी विट ज्युनियर अकरा वर्षांसाठी बांधून घेतला. २०२४ मध्ये ८६ विजय, पहिल्या फेरीत बाल्टिमोरवर मात. लुगो आणि वाका ही पोस्टरवर छापायची नावं नाहीत. पाचव्या दिवशी नेमानं उभे राहून सहा डाव टाकणारे हे पिचर आले, की कच्च्या मुलांवर अवेळी भार पडत नाही आणि त्यांची कोपरं थोडी टिकतात.

म्हणून येत्या ट्रेडच्या मुदतीला, संध्याकाळी सहा वाजता (पूर्व किनाऱ्याची वेळ) तुमच्या संघाची बातमी आली, की कोण आला ते नंतर वाचा. काय दिलं ते आधी बघा. आणि हा सगळा हिशेब सध्याच्या करारापुरता आहे. तो १ डिसेंबर २०२६ ला संपतो, तेव्हा १७२ आणि सहा हे दोन आकडे पुन्हा तपासावे लागतील.