अर्ध्या रेटचा फोटोवाला आणि आमचा हिशेब

“भाऊ, तुम्ही लग्नाच्या फोटोंचे चाळीस हजार सांगता, आमच्या गावातलं पोरगं पंधरात करून देते.”

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालवतो. तुळशीचं लग्न लागून बुकिंग सुरू झालं की हे वाक्य दर दोन-तीन दिवसांनी कानावर येतं. त्याला नीट उत्तर देता यायला मला तीन हंगाम लागले. पहिल्या वर्षी रेट पाडला. दुसऱ्या वर्षी गिऱ्हाइकाशी वाद घालत बसलो. दोन्हीत नुकसानच झालं. तिसऱ्या वर्षी वही काढून एका लग्नाचा खर्च ओळीने लिहिला आणि त्यावरून दरपत्रक केलं. तो हिशेब आणि त्यानंतर बदललेली कामाची पद्धत इथे मांडतो आहे. धंद्यात असलेल्यांना उपयोगी पडेल आणि नव्यानं उतरणाऱ्या पोरांना तर त्याहून जास्त.

आधी हिशेब. हळद आणि लग्न असे दोन दिवस, रेट ४०,००० रुपये. व्हिडिओवाल्याची दोन दिवसांची मजुरी ५,०००. लाइट धरणाऱ्या मुलाचे १,६००. दोन दिवसांचं येणं-जाणं मिळून २४० किलोमीटर होतं, त्याचं पेट्रोल १,७००. बारा बाय छत्तीसचा चाळीस शीटचा अल्बम, कव्हर आणि पेटीसकट ७,०००. त्याचं डिझायनिंग २,०००. व्हिडिओ एडिटिंग ५,०००. पेनड्राइव्ह ५००. दोन हार्डडिस्कवर अडकणारी जागा १,५००. बॅटरी, सर्व्हिसिंग, किरकोळ दुरुस्ती ८००. राहिली सामानाची झीज. दोन बॉडी (लेन्स सोडून नुसता कॅमेरा), तीन लेन्स, फ्लॅश, गिंबल (कॅमेरा हलू न देणारा दांडा) धरून साडेपाच लाखांचं सामान आहे. ते पाच वर्षं चालतं असं धरलं आणि वर्षाला तीस लग्नं केली, तर एका लग्नावर ३,७०० पडतात. बेरीज २८,८००. उरले ११,२००. त्यातून दुकानाचं भाडं, वीजबिल आणि माझे सहा दिवस निघायचे, कारण शूटिंगचे दोन दिवस सोडले तर निवड, कलर आणि अल्बम तपासण्यात आणखी चार जातात.

झीज कोणीच धरत नाही आणि सगळं तिथेच फसतं. निकॉन डी ७५० किंवा कॅनन फाइव्ह डी मार्क फोर या बॉडींचं शटर, म्हणजे क्लिक करताना उघड-झाक होणारा पडदा, कंपनीने दीड लाख क्लिकसाठी तपासलेलं आहे. एका लग्नात साडेतीन हजार क्लिक सहज होतात. म्हणजे साधारण त्रेचाळीस लग्नांत तो आकडा गाठला जातो. पुढेही शटर चालतं, पण मग ते कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि ते मंगलाष्टकांच्या मधेही जाऊ शकतं.

पंधरा हजारवाल्या पोराची वही उघडली तर काय दिसतं? सव्वा लाखाचा कॅमेरा हप्त्यावर घेतलेला, महिन्याला दहा हजारांच्या आसपास हप्ता. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चार महिन्यांत आपल्याकडे लग्नं नाहीत, हप्ता मात्र चालूच. अल्बम द्यायचा तर सात हजार तिथेच गेले. म्हणून तो एकच बॉडी वापरतो, दुसरा माणूस घेत नाही, डेटाची दुसरी कॉपी ठेवत नाही. दोन हंगामांनंतर यातले बरेच जण कॅमेरा विकून मोकळे होतात. पण तोवर गावात रेट पंधरावर बसलेला असतो आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाला तिथूनच सुरुवात करावी लागते. वाईट मला याचं वाटतं. ही पोरं मेहनती आहेत, नजर चांगली आहे, फक्त हिशेब कोणी शिकवला नाही.

स्टुडिओची रोजची कमाईही त्याच काळात आटली. पासपोर्ट फोटोवर दुकानाचं भाडं निघायचं. चार बाय सहाच्या एका कागदावर साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचे आठ फोटो बसतात. आता फॉर्म ऑनलाइन झाले, फोटो मोबाईलनेच काढला जातो आणि वीस ते पन्नास केबीत बसवून सेतू केंद्रातच चढवला जातो. त्यामुळे सगळा भार लग्नावर आला आणि नेमकी लग्नंच वाटली गेली.

आता दरपत्रक. गिऱ्हाईक समोर बसलं की मी एकाच कागदावर तीन कामं लिहून दाखवतो. पहिलं १८,०००चं : एक माणूस, फक्त लग्नाचा दिवस, निवडलेले ३०० फोटो पेनड्राइव्हमध्ये, अल्बम नाही. दुसरं चाळीसचं, वर सांगितलेलं. तिसऱ्यात प्री-वेडिंग आणि कॅन्डिडसाठी (पोझ न घेता टिपलेल्या फोटोंसाठी) वेगळा माणूस. पंधरावाल्याशी तुलना करायची तर ती पहिल्याशी होते, हे गिऱ्हाइकाला स्वतःच दिसतं, मला बोलावं लागत नाही. सोबत एकाच लग्नाचा अख्खा अल्बम पाहायला देतो, शक्यतो त्यांच्या ओळखीच्या घरातला. तीस सेकंदांच्या रीलवरून कोणाचंच काम कळत नाही. काही जण तर दुसऱ्याचे फोटो आपल्या पानावर टाकतात. वधूपित्याने नव्या पोराकडेही अख्खं लग्न पाहायला मागावं, असं मी उघड सांगतो.

काम ठरलं की लेटरपॅडवर करार. गाव, तारीख, मुहूर्ताची वेळ, किती तास, किती माणसं, किती शीट, फोटो निवडून दिल्यापासून किती दिवसांत अल्बम. आम्ही ४५ दिवस लिहितो. निवडच मुळी रेंगाळते. नवरी सासरी, पेनड्राइव्ह माहेरी, आणि सहा महिन्यांनी विचारणा येते की अल्बमचं काय झालं. म्हणून दिवस निवडीपासून मोजायचे. पैसे तीन टप्प्यांत : बयाणा तीस टक्के, हळदीच्या संध्याकाळी चाळीस, अल्बम नेताना तीस. “कापूस विकला की देतो” हे आपल्याकडचं वाक्य खोटं नसतं, पण भाव पडला की कापूस घरातच राहतो आणि फोटोवाल्याचे पैसेही. म्हणून हळदीचा टप्पा सोडायचा नाही. सुतकामुळे तारीख पुढे गेली तर बयाणा पुढच्या तारखेला धरला जाईल, हेही लिहायचं. हे लिहिलेलं नसलं की दुःखाच्या घरी जाऊन पैशावर बोलायची वेळ येते.

एक ओळ कायद्याची. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक फोटो काढायला सांगणारा असतो, वेगळा करार असेल तरच तो हक्क फोटोग्राफरकडे राहतो. बहुतेक फोटोग्राफरांना वाटतं याच्या उलट. म्हणून फोटो इंस्टाग्रामवर टाकायचे का, याला करारात होय किंवा नाही असा रकाना ठेवलाय आणि त्यापुढे नवरीची सही घेतो, बापाची नाही. खेड्यात फोटो बाहेर फिरण्याचा त्रास तिलाच होतो.

कागदपत्रांचं काम अवघड नाही. दुकान कायदा २०१७चा आहे, वीसपेक्षा कमी कामगार असतील तर ऑनलाइन सूचना द्यायची, तीच आपली गुमास्ता पावती. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. ड्रोनचं मात्र जपून. २०२१च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्यावर दोन किलोपर्यंतचा मायक्रो. मायक्रो धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. मांडवावर दिसणाऱ्या किती ड्रोनवाल्यांकडे ते आहे, हे गिऱ्हाइकाने विचारायला हवं. मेळघाट, ताडोबाकडे प्री-वेडिंगला ड्रोन नेऊच नका.

आता मांडवातलं. नव्या मुलांच्या चुका मी इतक्या वेळा दुरुस्त करायला बसलोय की त्या तोंडपाठ झाल्या आहेत. हळद दुपारी लाल-पिवळ्या कापडी मांडवाखाली असते. कापडातून गाळून येणारा उजेड आणि अंगावरची हळद मिळून कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा स्वतः करतो ती रंगाची दुरुस्ती) चुकतो, चेहरे कधी निळसर तर कधी केशरी येतात. मांडवात पोचल्यावर ग्रे कार्डाचा (करड्या रंगाच्या साध्या कार्डाचा) एक फोटो घ्यायचा, त्यावर कस्टम बॅलन्स लावायचा आणि ऊन कललं की पुन्हा घ्यायचा. संध्याकाळी एलईडीच्या माळा लागतात. आपली वीज ५० हर्ट्झची, साधा दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो, म्हणून शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला तर पट्टे येत नाहीत. डीजेच्या पार लाइटवर (रंगीत झोताच्या दिव्यांवर) हा उपाय चालत नाही, त्यांची फ्रिक्वेन्सी वेगळी. तिथे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल घ्यायचं आणि फ्लॅश मारायचा. आणि वरातीतल्या लेझरकडे लेन्स कधीच करू नये. किरण थेट आत गेला तर सेन्सरवर कायमची रेघ उमटते, ती दुरुस्त होत नाही.

नवरदेवाच्या चेहऱ्यावर बाशिंगाच्या लडी लोंबत असतात. कॅमेऱ्याचा आय-फोकस डोळा सोडून त्या लडीला धरतो. नवा मुलगा ५० एमएमची लेन्स एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण मोठं करून, उघडी ठेवतो, कारण मागचं धूसर दिसावं. मग लडीतला मोती लख्ख आणि डोळा पुसट. मोबाईलएवढ्या मागच्या पडद्यावर हे कळत नाही, बारा इंची पानावर आलं की आईला पहिलं तेच दिसतं. एफ ४ वर या, एकच फोकस पॉइंट निवडा, फ्लॅश छताला नको, पांढऱ्या कापडाला उडवा. अंतरपाट सरतो तो क्षण तीन-चार सेकंदांचा असतो. तांदूळ असो की ज्वारी, अक्षता हवेत असताना ऑटोफोकस दाण्यांमागे धावतो. म्हणून शेवटच्या मंगलाष्टकाला फोकस नवरीच्या चेहऱ्यावर घेऊन मॅन्युअलला लॉक करायचा, आणि जागा आधीच धरायची : मी नवरदेवाच्या मागे स्टुलावर, दुसरा नवरीच्या मागे. माणूस एकच असेल तर एका बाजूचा चेहरा हुकतो, त्याला इलाज नाही. दुसऱ्या माणसाचे पैसे याच चार सेकंदांचे आहेत, हे गिऱ्हाइकाला असंच सांगितलं की पटतं.

मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो आणि बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश लिहिलेली असते. फोर के रेकॉर्डिंग वीस-पंचवीस मिनिटांत बंद पडू शकतं. लांबलचक विधी फुल एचडीत घ्या, कॅमेऱ्यावर छत्री धरा, बॅटऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

सगळ्यात जास्त रडारड मात्र कार्डावरून होते. फोर केचा १०० एमबीपीएस व्हिडिओ तासाला ४५ जीबी खातो. मग मुलं बाजारातून स्वस्त १२८ जीबीचं कार्ड आणतात. नकली कार्ड १२८ दाखवतं, आत जागा १६ किंवा ३२ चीच. ती भरली की पुढचं लिहिलं गेल्यासारखं दिसतं, प्रत्यक्षात काही राहत नाही. दुपारची हळद मिळते, संध्याकाळचं लग्न गायब. नवं कार्ड आणलं की एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट प्रोग्रामने ते काठोकाठ भरून परत वाचून पाहायचं. एक रात्र लागते, लागू द्या. दोन स्लॉटचा कॅमेरा असेल तर दोन्हीवर एकच डेटा जाईल असं सेटिंग ठेवा. चुकून डिलीट झालं तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका, बाजूला ठेवा, घरी फोटोरेक नावाच्या प्रोग्रामने बरंचसं निघतं.

माझ्याकडे स्टीलचा एक छोटा डबा आहे, पूर्वी त्यात कुंकू असायचं. भरलेलं कार्ड त्यात उलटं, म्हणजे लेबल खाली. रिकामं लेबल वर. डबा कमरेच्या पिशवीत, गाडीत नाही. घरी पोचल्यावर कितीही वाजले तरी दोन हार्डडिस्कवर कॉपी होते, त्यातली एक दुसऱ्या दिवशी भावाच्या घरी जाते. अल्बम नेऊन सही होईपर्यंत कार्ड फॉरमॅट होत नाही. म्हणून कार्डं जास्त लागतात आणि तो खर्च दरपत्रकात आहे.

नवी पोरं एका गोष्टीत आमच्यापुढे आहेत. त्याच रात्री रील हवी असते, उभी, गाण्यावर कापलेली, आणि ती त्यांना सुंदर जमते. मला जमत नाही. म्हणून दोन हंगामांपासून पंधरावाल्यांपैकीच दोघांना बोलावतो. रील आणि दुसरा कॅमेरा त्यांच्याकडे, दिवसाला अडीच हजार, जेवण आणि पेट्रोल वेगळं, पैसे त्याच रात्री. माझ्या गिऱ्हाइकाला मांडवात स्वतःचा नंबर द्यायचा नाही, एवढी एकच अट. त्यांच्या स्वतःच्या ऑर्डरच्या दिवशी दुसरी बॉडी मी भाड्याने देतो. एकाने या वर्षी स्वतःचं दरपत्रक केलं आणि हळद-लग्नाचे सव्वीस हजार लावले, अल्बमसकट. आकडा अजून तोट्यातलाच आहे, झीज त्याने धरलेली नाही. वही घेऊन रविवारी दुकानावर ये म्हटलंय.