तयार मिळते, मग जोडता कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी मी हसतो आणि चहा टाकू का म्हणतो.

प्रश्न ठरलेला असतो. घरी आलेला माणूस कपाटातल्या आगीच्या लाल बंबापाशी थांबतो, मी प्लॅस्टिकच्या तुकड्यांतून जोडलेल्या. 1914 सालची फोर्ड मॉडेल टी, मूळ गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढी, शिड्या आणि पितळी रेडिएटरसकट. कौतुक होतं, आणि मग हळूच, "पण काका, अशा गाड्या तयार मिळतात की. सुटे तुकडे आणून महिनोन्‌महिने जोडत कशाला बसता?"

मिळतात, खरंय. धातूच्या, रंगवलेल्या, आणि वाईटही नसतात. पण तयार गाडी बघून ती दिसायची कशी एवढंच कळतं. ती चालायची कशी, हे मला तरी जोडल्याशिवाय कळत नाही. उत्तर एवढंच आहे. यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून जरा बैजवार सांगतो.

या गाडीत सीटच्या मागे पाण्याची टाकी येते. अर्धुकं चिकटवायची, सांधा पॉलिश पेपरने घासून घालवायचा, नळी लावायची. हे करताना मी सूचनांचं पुस्तक पुढेमागे चाळत पंप शोधत होतो. बंब म्हटला की पंप हवाच. तो कुठल्याच पानावर सापडेना. मग पुस्तक बाजूला ठेवून या गाड्यांबद्दल वाचायला घेतलं, तेव्हा उलगडा झाला: याला पंप लागतच नाही. टाकीत पाणी, पाण्यात विरघळवलेला खायचा सोडा, आणि वर वेगळ्या बाटलीत गंधकाम्ल. आगीपाशी पोहोचलं की आम्ल त्या पाण्यात मिसळायचं. कार्बन डायऑक्साइड फसफसून निघतो, बंद टाकीत त्याला जायला जागा नसते, मग तो पाण्याला नळीतून बाहेर रेटतो. वाफेच्या बंबाला आधी पाणी तापवून दाब धरावा लागे, हा पोहोचल्यापोहोचल्या सुरू. टाकी संपली की खेळ खलास, हेही खरं. आग लहान आहे तोवर तिला वाढू द्यायचं नाही, एवढंच याचं काम. जड पंप न लादता 20 अश्वशक्तीच्या इंजिनावर भागवलं, यात मला फार मोठी अक्कल दिसते.

नातवाने विचारलं, आपल्या गाडीच्या टाकीत पाणी किती मावेल? बसून हिशोब केला. खरी टाकी पंचवीस गॅलनची, म्हणजे साधारण 95 लिटरची धरली. लांबी, रुंदी, उंची तिन्ही 24 पटींनी घटतात, म्हणजे आकारमान 13,824 पटींनी. उत्तर आलं सात मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाचे दीड चमचे. नातवाला ते अजिबात पटलं नाही. मीही कागदावर पुन्हा गुणाकार करून पाहिला.

पेट्रोलच्या टाकीची गंमत अशीच. ती सीटखाली बसते, आणि पेट्रोल उताराने आपसूक इंजिनाकडे जातं. आता खडा चढ लागला आणि टाकीत पेट्रोल कमी असलं तर? इंजिन वर, टाकी खाली, पुरवठा बंद. मग ड्रायव्हर गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढवायचे. हे वाचून मी पूर्वी नुसता हसलो असतो. सीटखाली ती टाकी स्वतः बसवल्यावर आणि चेसिस बोटांवर तिरकी धरून पाहिल्यावर त्याचं कारण समोर दिसतं. आपल्याकडे असती, तर कसारा घाट ही बाई नाशिककडे पाठ करून चढली असती. पायाशी पेडलं तीन, पण डावं क्लचचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. ॲक्सिलरेटर हाताने, स्टिअरिंगखालच्या दांडीने. आजचा कुठलाही ड्रायव्हर यावर बसला तर फाटकाबाहेर पडणार नाही.

दिव्यांचं थोडक्यात सांगतो. ते ॲसिटिलीनवर जळायचे. कार्बाइडच्या खड्यांवर पाणी ठिबकवायचं आणि निघालेला वायू पेटवायचा. बंदी असूनही आंबे पिकवायला चोरून वापरतात, तेच कार्बाइड.

इथे नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले शेजारी आहेत. मिग आणि सुखोईत आयुष्य गेलेला माणूस. त्यांचं म्हणणं, बंब काय करता, विमान करा. विमानाबद्दल मला आदर आहे, पण विमानाचं सगळं पोटात असतं. मेहनत करून आतलं बसवायचं आणि वरून पत्रा लावून टाकायचा. जुन्या बंबाचं सगळं बाहेर टांगलेलं: टाकी, नळ्या, शिडी, कंदील. लपवायला त्याच्याकडे जागाच नाही. चाकांमधलं अंतर 56 इंच. शिंगाडा तलावावरच्या अग्निशमन केंद्रातून निघणाऱ्या आजच्या मोठ्या बंबाला जुन्या नाशकातल्या बोळांत वळताना किती जपावं लागत असेल! ही गाडी लाकडी वाड्यांमधून सहज गेली असती, असं मला उगाच वाटतं.

दुसरं कारण माझ्या धंद्यातलं आहे, ते पाहुण्यांना मी सहसा सांगत नाही. माझी नोकरी नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या टूलरूममध्ये झाली. प्लॅस्टिकच्या डाय, म्हणजे वस्तू ओतायचे साचे, बनवायचो: डब्यांची झाकणं, स्विचच्या बॉडी, असलं सगळं. त्यामुळे किटचा, म्हणजे सुट्या तुकड्यांच्या संचाचा, खोका उघडला की मी आधी गाडी बघत नाही, डाय बघतो. रनर, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक वाहायची वाट, कुठून नेलाय, गेट, म्हणजे ते तुकड्यात शिरायचं तोंड, कुठे ठेवलाय, तुकडा डायबाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचे गोल ठसे कुठे पडलेत. हे किट आयसीएम कंपनीचं, युक्रेनमधल्या कीव्हचं. 2022 पासून त्या शहरावर क्षेपणास्त्रं पडताहेत, तरी तिथून किटं येतातच.

शिडी हातात घ्या. पायऱ्या गोल, आगकाडीहून बारीक. डायचे दोन पाट जिथे मिळतात तिथे प्रत्येक पायरीवर केसाएवढी रेघ उठते. पार्टिंग लाइन. तिला टाळायचा उपाय जगात कुणाकडे नाही, फक्त ती किती बारीक ठेवायची हे कारागिराच्या हातात असतं. ती रेघ ब्लेडच्या पाठीने हळू खरवडायची, पायरी चपटी होऊ न देता. आता गाडीच्या तळाचा, फरशीचा तुकडा उलटा करा. पिनचे ठसे सगळे खालच्या अंगाला. म्हणजे डिझाइन करणाऱ्याने आधीच विचार केलाय की वरची बाजू दिसणार आहे, जोडणाऱ्याला त्रास नको. आमच्याकडे अशा एका पिनेच्या जागेवरून डिझाइनवाले आणि फिटर यांच्यात दिवसभर वाद चाललेले मी ऐकलेत. तयार गाडीत हे सगळं पुसलेलं असतं. हजारो मैलांवरच्या माणसाचं काम तपासायला मिळतं, आणि तेही तो साहेब नसताना!

पितळेचं श्रेय हिला. 1916 पर्यंत मॉडेल टीचा रेडिएटर पितळी असे. मी बाजारातला सोनेरी रंग लावला, तर हिने लांबूनच निकाल दिला, "लग्नपत्रिका वाटतेय." मग भांडी बाजारातून घेतलेला सासूबाईंचा पितळी डबा चिंच लावून घासला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला. खऱ्या पितळेत पिवळ्यापेक्षा काळं जास्त दिसतं, आजूबाजूचं सगळं त्यात उमटतं म्हणून. तेव्हा खाली चकचकीत काळा रंग, तो पक्का वाळल्यावर वर पितळी रंगाचे अगदी विरळ हात. आता ठीक आहे. ही म्हणते, अजून डब्याची सर नाही. बरोबर आहे तिचं.

लाल रंगालाही असाच पाया लागतो. करड्या प्रायमरवर लाल मेलेला दिसतो, गुलाबीवर उजळतो. आणि पावसाळ्यात स्प्रे करायचाच नाही. हवेतलं पाणी रंगात अडकतं आणि लालवर पांढुरकी साय धरते.

सध्या कपाटातलीला जोड म्हणून दुसरी घेतलीय, तिच्या चाकांच्या लाकडी आऱ्या घासतोय. रंगाचं काम दसऱ्यानंतर. बघायला यायचं असेल तर रविवारी सकाळी या. पंखा बंद असतो, तुकडे उडतात म्हणून, हे आधीच सांगून ठेवतो. मागच्या वेळी एक साडू त्यावरून रुसून गेले.